अण्णांची खुर्ची आणि चकलीचं माप

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. रिकाम्या पिशव्या आपण घडी घालून गादीखाली सारतो ना, तसंच त्यांचं होतं. लागतील कधीतरी, म्हणून ठेवायच्या. मग एक दिवस गादी उचलावी, तर खाली निम्मा बाजार!

माझ्याकडं असा साठा फार. एक तर आमचं घर अनगोळच्या गल्लीत मधोमध. आमच्या दारावरून गेल्याशिवाय कुणालाच कुठं जाता येत नाही. त्यात आमची आणि परशराम अण्णांची भिंत एकच, आणि ती नावालाच भिंत. वर आमचे हे अण्णांच्याच कारखान्यात स्टोअरला. ह्यांच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर दोन कप चहा खर्च होतो. पण चहाला मी कधी मागं हटले नाही.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण क्वालिटी म्हणजे काय, सुपरव्हायझरनं कसं वागावं, चुकीचं मूळ कसं शोधावं, हे सगळं मला येतं. अण्णांच्या ट्रेनिंगला मी भिंतीच्या अलीकडून पूर्ण हजर होते!

सुरुवात झाली गिरणीत. गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, त्या काळातली ही गोष्ट. जोंधळ्याचा डबा नंबराला लावून मी उभी होते. पुढं कारखान्यातली दोन माणसं, खाकी पँटीवर तेलाचे डाग. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ते ट्रेनिंग तेवढं संपू दे रं. मालकांनी ठरवलंय. अण्णांच्या खुर्चीवर बसवाण्णी..."

आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला! घर्रर्र! त्या माणसाचं तोंड हलताना दिसत होतं, हात हलत होते, एकदा तर त्यानं खाली बसून आणि उठून दाखवलं. पण शब्द सगळे पिठात गेले. पट्टा उतरेपर्यंत दोघं सायकलवर टांग टाकून पसार!

मी ठरवलं, हे कुणाला म्हणून सांगायचं नाही. सुशीलाआक्काला तर नाहीच. अण्णांची बायको ती, हबकून जाईल. मी फक्त नळावर सांगितलं.

संध्याकाळी सुशीलाआक्काच भिंतीपाशी आली. "इंदू, ऐकलीस काय गं? अण्णांची खुर्ची जाणार म्हणून कोणतरी गल्लीत बोलालंय."

"कोण बोलालंय त्याचं तोंड बघायला पाहिजे," मी म्हणाले.

*

आता ती खुर्ची काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

अण्णा मूळचे कंग्राळीचे, शेतकऱ्याच्या घरातले. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पंपाचे सुटे भाग व्हायचे, तिथं त्यांनी अर्धं आयुष्य लेथवर लोखंड कातत काढलं. हात पक्का, डोळा पक्का, आणि आवाज तर असा, की कारखान्याचा भोंगा बिघडला त्या दिवशी मालकांनी अण्णांना गेटवर उभं केलं होतं म्हणतात. खरं-खोटं ह्यांना माहीत. त्या दिवशी घरात साखर संपली होती, त्यामुळं मला पुढचं कळलं नाही.

मग अण्णांना सुपरव्हायझर केलं. हाताची लाकडी खुर्ची मिळाली. कामाच्या जागी खुर्चीवर बसणारा त्यांच्या घराण्यातला पहिला माणूस! कंग्राळीहून म्हातारे वडील मुद्दाम बघायला आले. बसले नाहीत. खुर्चीचा हात तेवढा चाचपून बघितला आणि विचारलं, "बसून काम व्हतंय व्हय रं?"

पण ही बढती कच्ची होती. मालकांनी अट घातली होती. पुण्याहून एक सर येणार, शनिवारी दुपारी सगळ्यांना शिकवणार. अण्णा ते नीट शिकले आणि गिऱ्हाइकाकडून माल परत यायचा थांबला, तर पुढं फोरमन. नाही तर परत लेथवर.

आणि अण्णांच्या खालोखाल जुना माणूस म्हणजे बसवाण्णी. पलीकडच्या गल्लीतला. बोलणं कानडी वळणाचं, तेही पावशेरच. अण्णांच्या ओरडण्यातलं निम्मं ओरडणं एकट्या बसवाण्णीच्या वाट्याला यायचं. त्यामुळं खुर्चीवर बसवाण्णी, हे ऐकून अण्णांची काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच बघा!

*

पुण्याचे ते सबनीस सर. गळ्यात टाय, हातात खडू, वय बेताचं. पहिल्याच शनिवारी त्यांनी शिकवलं, "माणसाला त्याची चूक सांगायची असेल, तर आधी त्याच्यातलं चांगलं सांगा. मग चूक सांगा. शेवटी पुन्हा चांगलं सांगा. आणि आवाज चढवायचा नाही."

अण्णांनी ते मनावर घेतलं. रोज ते शेडच्या ह्या टोकावरून ओरडायचे, "ए बसवाण्णीऽऽ! डोळे घरात ठेवून आलास काय रं?" सोमवारी मात्र चालत त्याच्या लेथपर्यंत गेले. खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "बसवाण्णी, तुझा हात लई चांगला हाय."

बसवाण्णीनं मशीन बंद केलं. मशीनवर बुश होतं, पंपात बसवायची लोखंडी कडी.

"ह्या बुशाची कड तेवढी जरा खरबरीत आलीया," अण्णा म्हणाले. "पण तुझा हात मात्र लई चांगला हाय."

एवढं बोलून अण्णा गेले. बसवाण्णी कॅन्टीनला गेला, तांब्याभर पाणी प्याला आणि डोक्याला हात लावून बसला. माणसं जमली.

"काय झालं रं?"

"अण्णानं हात चांगला हाय म्हटलं."

"कुणाचा?"

"माझा."

सगळे आणखी जवळ सरकले. मग एकानं हळूच विचारलं, "कितींदा म्हटलं?"

"दोनदा."

"यप्पा! मग गेलास तू!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पिकली, की मालक माणसं कमी करालेत आणि अण्णा एकेकाला गोड बोलून निरोप द्यालेत. चार-पाच जण अण्णांपुढं जाऊन उभे राहिले. "अण्णा, बसवाण्णीला पोरंबाळं हायत. काय असंल ते तोंडावर सांगा."

अण्णा समजवायला लागले, तेही हळू आवाजात. ते जितकं हळू बोलतील तितकी माणसं जास्त घाबरायची! शेवटी अण्णांचा बांध फुटला. "मशिनी बंद ठेवून इथं काय जत्रा भरवलायसा रेऽऽ? चला कामाला!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. बसवाण्णी तर हसत हसत लेथकडं पळाला. "छलो ऐति! छलो ऐति!" म्हणजे, सगळं ठीक आहे!

त्या दिवशी माल रोजच्यापेक्षा जास्त निघाला म्हणे.

*

दुसरा धडा होता 'का?' विचारण्याचा. कुठं काही चुकलं की माणसाला धरायचं नाही, कारणाला धरायचं. "का?" म्हणून विचारायचं. जे उत्तर येईल त्याला परत "का?" विचारायचं. असं पाच वेळा केलं की चुकीचं मूळ सापडतं.

त्या रात्री अण्णांच्या घरात आमटी खारट झाली. मी भिंतीपलीकडं... म्हणजे भिंतीजवळच्या फळीवर डबे लावत होते.

"सुशीला," अण्णांचा आवाज आला. रोजचा नव्हे, ट्रेनिंगचा आवाज. "आमटी खारट का झाली?"

"मीठ दोनदा पडलं."

"का?"

"एकदा शोभानं टाकलं, एकदा मी टाकलं." शोभा त्यांची थोरली.

"शोभानं टाकल्यालं तुला कळलं का न्हाई?"

"मी चुलीपाशी नव्हते."

"का?"

"भिंतीपाशी उभी होते."

"का?"

सुशीलाआक्काचा आवाज चढला. "इंदू पलीकडनं विचारत होती, अण्णा आज ट्रेनिंगमधनं काय शिकून आले म्हणून!"

पाट सरकल्याचा आवाज आला. मग अण्णा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "वैनी, मूळ सापडलं बघा!"

माझ्या हातातला डबा आपटला.

*

सरांनी एकदा घरचा अभ्यास दिला. माशाच्या काट्याचं चित्र काढून आणायचं. डोक्याच्या जागी माल खराब झाल्याची तक्रार लिहायची, आणि एकेका काट्यावर त्याचं एकेक कारण. जपानात असंच करतात म्हणे.

सुशीलाआक्का माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. ती देवाजवळ निरांजन घेऊन आली, तर अण्णा जमिनीवर भला मोठा कागद पसरून पालथे पडलेले.

"हे काय मांडलायसा देवापुढं?"

"मासा हाय."

"मासा!"

"मासा न्हवं गं. काटा हाय नुसता."

"म्हंजे खाल्लेला?"

अण्णांनी जपान सांगितलं, सबनीस सर सांगितले, फोरमनची जागा सांगितली. सुशीलाआक्का ऐकेना. "एक तर तो कागद घरात ऱ्हाईल, न्हाई तर चूल पेटंल. काय ते ठरवा."

पुढच्या शनिवारी सगळ्यांनी आपापले मासे भिंतीला लावले. सर बघत बघत अण्णांच्या कागदापाशी आले आणि थांबले. "परशराम, हे काय आहे?"

"चिंचेचा डहाळा, सर."

"अहो, पण मी मासा सांगितला होता."

"सर, मधी एक दांडा हाय, दोन्हीकडं पानं हायत. जेवढे काटे तेवढीच पानं. कारण एक पण सोडलं न्हाई. फक्त मला घरात जेवाण मिळालं पाहिजे!"

सरांनी चित्र डोळ्याजवळ नेऊन तपासलं. खरंच, एकही कारण सुटलं नव्हतं. मग काय! निम्मी शेड शाकाहारी. सगळ्यांनी मासे सोडले आणि चिंच धरली. पुढं त्या कारखान्यात माल बिघडला, की माणसं एकमेकांना हाक मारायची, "चला रे, चिंच पाडूया!"

*

ह्यानंतरचा किस्सा ह्यांनी मला चहा न घेता सांगितला, म्हणजे केवढा असेल बघा.

सर म्हणाले, आज नाटक करायचं. सुपरव्हायझरनं कामगार व्हायचं आणि कामगारानं सुपरव्हायझर. त्यांनी बोट केलं ते नेमकं बसवाण्णीकडं! बसवाण्णी नको नको म्हणत होता. पण सरांनी अण्णांचीच हाताची खुर्ची मागवली आणि त्याला बसवलं. तो बसला, पण असा कडेला, की खुर्चीला कळू नये.

अण्णा झाले उशिरा येणारा कामगार. दारातून आत आले. बसवाण्णीनं खाकरून घसा साफ केला. आणि त्या पावशेर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातून हुबेहूब अण्णा बाहेर पडले!

"ए परशाऽऽ! आता उगवलास व्हय? कंग्राळीत सूर्य उशिरा येतोय काय रं?"

शेड हसून हसून कोसळली. आणि मग सगळे अण्णांकडं बघायला लागले.

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "चुकलं, साहेब. सायकल पंक्चर झालती."

बसवाण्णीला आता थांबता येईना. "रोज पंक्चर! सायकल हाय का चाळण?"

सर "बास, बास" म्हणाले तेव्हा तो भानावर आला. तापलेल्या तव्यावरून उठावं तसा उठला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसायला लागला.

मला वाटलं, सुटलो! गिरणीतली अफवा म्हणजे हे नाटक! अण्णांच्या खुर्चीवर बसवाण्णी बसला, विषय संपला. पण ह्यांनी मान हलवली. "नाटकाचं सरांनी आज ठरवलं. गिरणीत तू मालकांनी ठरवलंय म्हणून ऐकलीस न्हवं?"

त्या रात्री भिंतीपलीकडून नुसती कुजबुज, शब्द एकही कळेना. मी सकाळी सुशीलाआक्काला विचारलं, "अण्णांना बरं न्हाई काय गं?"

"बरं हाय. रातभर एकच विचारत होते. मी असाच बोलतो काय गं, म्हणून."

"मग तू काय सांगितलीस?"

"म्हटलं, न्हाई. बसवाण्णीचा आवाज बारीक हाय!"

*

दिवाळी आली. आमच्या गल्लीत चकल्या सगळ्या बायका मिळून करायच्या, सुशीलाआक्काच्या परसात. त्या वर्षी अण्णा पण येऊन बसले. हातात व्हर्नियर!

व्हर्नियर म्हणजे माप घ्यायचा लोखंडी चिमटा म्हणा. केसाची जाडीसुद्धा सांगतो. अण्णांचा व्हर्नियर तर कारखान्यात मानाचा. बाकीच्यांचे व्हर्नियर बरोबर आहेत का नाहीत, ते अण्णांच्या मापाला लावून बघायचे. अण्णा तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून कायम खिशात बाळगायचे. आता त्याच चिमट्यात ते एकेक चकली धरायला लागले.

"ही पास. ही पास. ही जाड आली, रिजेक्ट!"

"अण्णा, चकली हाय ती. पंपात बसवायची न्हाई," मी म्हणाले.

"वैनी, क्वालिटी ही सवय हाय. घरात न्हाई तर कारखान्यात न्हाई."

पास झालेल्या चकल्या डब्यात, रिजेक्ट चकल्या पोरांना. ही गोष्ट पोरांच्या ध्यानात यायला कितीसा वेळ! शोभा सोऱ्या फिरवत होती. एक जण जाता जाता तिच्या कोपराला धक्का देऊन जाई, दुसरा तिच्या कानात कुर्र करून जाई. चकल्या वेड्यावाकड्या पडायला लागल्या. डब्यातला ढीग वाढेना आणि पोरांचे गाल मात्र फुगलेले.

अण्णा गंभीर. "रिजेक्शन का वाढालंय?"

"का वाढंल?" मी म्हणाले. "तुमच्या कारखान्यात रिजेक्ट माल कोण खात न्हाई. इथं खायला रांग लागलीया!"

बायका हसल्या, अण्णाही हसले. तेवढ्यात कढईतून तेलाचा थेंब उडाला तो त्यांच्या मनगटावर. हात झटकला आणि व्हर्नियर फरशीवर! खण्णकन् आवाज झाला. अण्णांनी तो उचलला, धोतराला पुसला, एकदा उघडला, एकदा मिटला.

"काय होत न्हाई त्याला," ते म्हणाले. "जर्मन हाय."

पास झालेल्या चकल्यांतला एक डबा अण्णांनी स्वतः बाजूला काढला. "हा बसवाण्णीकडं," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. सुशीलाआक्कानंही पाच वेळा विचारलं नाही.

*

दिवाळी होऊन महिना झाला आणि पंपवाल्या गिऱ्हाइकाकडून बुशांचा माल परत आला. एक-दोन नव्हे, पेट्याच्या पेट्या! बुश म्हणजे ती पंपातली कडी. ती घट्ट बसायला हवी. ही सगळी सैल होती, आत घातली की फिरायची.

नेमका ट्रेनिंगचा शेवटचा शनिवार. मालक स्वतः येऊन बसले. बसले ते अण्णांच्याच खुर्चीवर, दुसरी होती कुठं! सर म्हणाले, "आज परीक्षा हीच. परशराम, तुम्ही पुढं या आणि सगळ्यांना घेऊन ह्या चुकीचं मूळ शोधा."

आज काय ते ठरणार, हे सगळ्या शेडला माहीत होतं. सुशीलाआक्कानं सकाळी अण्णांच्या शर्टाला दोनदा इस्त्री केली होती. परत आलेली बुशं घेऊन आमचे हे स्टोअरमधून तिथं गेले ते तिथंच उभे राहिले. त्यामुळं हे ऐकीव नाही, ह्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

फळ्यावर चिंचेचा डहाळा काढला. अण्णा कुणावर ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बुश सैल का?"

"बारीक झालंय," बसवाण्णी म्हणाला. बुशं त्याच्याच लेथवरची होती.

"बारीक का झालं?"

"जास्त कातलं गेलं."

"का?"

"माप जास्त दावत होतं, अण्णा. मग आम्ही आणखी कातलं."

"तुझं माप जास्त का दावत होतं?"

बसवाण्णी घुटमळला. जमिनीकडं बघत म्हणाला, "दिवाळीनंतर सगळ्यांनी आपली मापं लावून घेतली न्हवं... तुमच्या मापाला."

अण्णांनी खिशातून पिवळं फडकं काढलं. व्हर्नियर मिटेल तेवढा मिटला आणि खिडकीच्या उजेडापुढं धरला. मिटलेल्या चिमट्यातून उजेड दिसता कामा नये. इथं बारीक रेघ दिसत होती, म्हणजे चिमटा शून्याच्या अलीकडंच अडत होता आणि प्रत्येक माप जास्त दाखवत होता. पहिल्या बाकावरच्यांनाही दिसली.

आता एकच 'का' उरला होता, आणि तो विचारायची कुणाची छाती होईना. सरांनाच दया आली असावी. खडू उचलून म्हणाले, "माप जुनं झालं, असं लिहू या. होतं असं."

लिहिलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. खुर्ची राहिली असती, फोरमनची जागा मिळाली असती.

"न्हाई, सर," अण्णा म्हणाले. "जुनं झालं न्हाई. पडलं."

"का पडलं?" हा 'का' मालकांचा.

"माझ्या हातनं पडलं. घरात." अण्णांनी व्हर्नियर परत फडक्यात गुंडाळला. "चकल्या मोजत होतो, मालक."

"काय मोजत होतास?"

"चकल्या."

शेडमध्ये कुणी हसलं नाही.

मग बसवाण्णी उठला. हात जोडले. आणि कुणी सांगितलेलं नसताना हळू आवाजात बोलायला लागला.

"मालक, अण्णांचा हात लई चांगला हाय."

थांबला. श्वास घेतला.

"माप घरी नेलं, तेवढं चुकलं."

परत थांबला. सगळी शेड त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"पण मालक, चकल्या छलो होत्या! एकीसारखी एक!"

मालकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं, हे म्हणाले.

आता अफवेचं. सोमवारी अण्णांच्या खुर्चीवर बसवाण्णी बसला. म्हणजे गिरणीत मी ऐकलं होतं तेवढं अर्धं वाक्य शंभर टक्के खरं! पण अण्णा लेथवर गेले नाहीत. मालकांनी शेडच्या कोपऱ्यात लाकडी फळ्या ठोकून एक खोली केली, कारखान्यातली झाडून सगळी मापं तिथं नेऊन ठेवली आणि किल्ली अण्णांच्या हातात दिली. "ह्या माणसानं तपासल्याशिवाय एकही माप शेडमध्ये जायचं नाही," मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आणि ह्या माणसाच्या खिशातून एकही माप गेटबाहेर जायचं नाही!" बसवाण्णीच्या शेडमधलं प्रत्येक बुश अण्णांच्या हाताखालून जायला लागलं. फोरमनची जागा मात्र हुकली. खोलीत बसायला होतं एक स्टूल, त्याला हात नव्हते, आणि अण्णा त्याच्यावर फारसे बसायचेच नाहीत. कंग्राळीचे वडील परत येऊन बघून गेले. "उभं राहून काम करतोस न्हवं? आता बरं वाटलं," म्हणाले.

मालकांनी हे सगळं ट्रेनिंगच्या आधीच ठरवलं होतं, का चकल्यांनंतर, ते काही मला कळलं नाही. ह्यांना विचारून बघितलं. किटली रिकामी झाली, तरी काही निघालं नाही.

पुढच्या दिवाळीला परत सुशीलाआक्काच्या परसात कढई चढली. ह्या खेपेस बसवाण्णी आणि त्याची बायको पण आली होती. मी आमचा सोऱ्या आणायला घरात आले, तर पलीकडून बायकांचं हसणं एकदम थांबलं. भिंतीला कान लावला. म्हणजे लावावा लागला नाही. अण्णांचा आवाज आपणहून आला, जुना, शेडच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जाणारा.

"वैनीऽऽ! तुमच्या घरात एकादी फूटपट्टी हाय काय ओ? आमच्या हिनं आमची लपवलीया!"